दहा टाके, एक नजर

पहाटे ५.४०

नळ आठव्या दिवशी सुटलाय. आधी नळीतून नुसती हवा येते, मग गढूळ पाणी, मग बरं पाणी. हातात पाऊण तास. तेवढ्यात दोन टिपाडं, सिमेंटचा हौद, चार घागरी आणि घरात असतील नसतील ती भांडी भरायची. मावशी पदर खोचून नळी धरून उभ्या आहेत. वय बावन्न. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांना एकोणीस वर्षं झाली. लातूर जिल्ह्यातलं, मांजरा नदीच्या काठावरचं हे गाव. गावाचं नाव लिहीत नाही, मावशींचंही नाही. अख्खं गाव त्यांना मावशीच म्हणतं, म्हणून मीही तेच लिहिते.

आज शुक्रवार, २५ जुलै २०२५. श्रावणाचा पहिला दिवस.

दोनशे लिटरचं निळं टिपाड काठोकाठ भरलं, की त्यावर फळी येते आणि फळीवर दगड. दगड उचलताना त्या गुडघ्यात वाकतात. "झाकण आलतं ताई टिपाडासंगं. उन्हानं तडकलं. नवं टिपाड घ्यायचं म्हणलं तर हजार रुपये. दगड फुकट हाय."

दोन वर्षांचा नातू उठून उंबऱ्यात बसलाय. पायात वाळे, वाळ्यांना घुंगरं. तो हलला की छुमछुम होते. मावशींची पाठ त्याच्याकडं आहे, पण कान तिकडंच. छुमछुम थांबली की त्या मागं बघतात.

भांडी भरून झाल्यावर उरलेल्या दोन बादल्या त्या उपड्या घालतात. "लोक टिपाडाला भेतात. एवढुसं लेकरू टिपाडात कशाचं पडतंय? त्याचा हातच पोचत नाही. ते पडतंय बादलीत." खरं आहे. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून बघायला गेलं की तोल पुढं जातो आणि हातात मागं सरायचं बळ नसतं. बादलीत वीतभर पाणी असलं तरी पुरतं. आवाज होत नाही. मूल ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो.

रोज नळ आला असता तर घराघरात एवढं पाणी साठवून ठेवावं लागलं नसतं.

सकाळी ७.१५

भाकरी थापून झाल्यात. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. सुनेनं फडक्यात भाकरी बांधल्या, खुरपं घेतलं. सोयाबीनची खुरपणी चालू आहे. रोज तीनशे रुपये. गुत्त्यानं घेतलं तर जरा जास्त पडतात, पण मग अंधार पडेपर्यंत वाकायचं. आज रोजानं आहे. दहा बायका एका टमटमीत बसतात. जाण्यायेण्याचे वीस रुपये ज्याचे त्यानं.

सून निघताना लेकराकडं बघत नाही. बघितलं की ते रडतं. मागच्या दारानं जाते.

सकाळी ८.५०

अंगणवाडीची खोली एक. वर पत्रा. मावशी कुलूप काढतात, केरसुणी फिरवतात, सतरंजी झटकतात. बाहेरच्या हातपंपावरून तीन घागरी आणून पिण्याचं पाणी भरून ठेवतात. नातू कडेवर किंवा पायात. तीन वर्षांच्या आतलं मूल हजेरीत बसत नाही, त्याच्या नावाचं आहाराचं पाकीट घरी जातं. पण नातवाला ठेवायचं कुठं? सेविकेनं कधी विचारलं नाही, मावशींनी कधी सांगितलं नाही.

सेविका म्हणजे गावाच्या भाषेत बाई. त्या नऊला येतात. त्यांच्या हातात रजिस्टर आणि मोबाईल.

सकाळी ९.२०

आता मुलं आणायची फेरी. मावशी खिळ्याला अडकवलेला कासरा काढतात.

बैलाचा कासरा. नायलॉनचा, हिरवा, मधे मधे उन्हानं पांढरा पडलेला. दोन कासरे एकात एक बांधलेत. दोन वर्षांमागं घरची बैलजोडी विकली, नांगरट ट्रॅक्टरनं होऊ लागली. कासरे तेवढे राहिले. मावशींनी त्यांना दोन-दोन हातांवर गाठी मारल्या. बारा गाठी. प्रत्येक गाठ लेकराच्या मुठीत बसेल एवढी. पहिल्या गाठीला सगळ्यात धाकटं, मावशींच्या हाताजवळ. शेवटच्या गाठीला सगळ्यात शहाणं. त्याचं काम मोठ्यानं "हाय!" म्हणायचं. मावशी पुढून हाक मारतात, मागून "हाय!" आलं की दोर पूर्ण आहे.

देवळाच्या गल्लीत चार मुलं मिळतात. वाड्याच्या बोळात तीन. एकाचं नाक पुसतात, एकीची चप्पल उजवी-डावी करतात. एका घरासमोर मावशी थांबत नाहीत, हाकही मारत नाहीत. दार उघडं आहे, आत एक बाई भांडी घासतेय. दोघींची नजरानजर होते. मावशी पुढं होतात. मी तेव्हा विचारलं नाही.

गावाबाहेरच्या वस्तीवर सात-आठ घरं आहेत. तिथली मुलं आणायला डांबरी रस्त्याच्या कडेनं जावं लागतं. हा रस्ता रुंद झाला तेव्हा भरावासाठी मुरूम इथल्याच गायरानातून उपसला. खड्डा तसाच राहिला. पावसाळ्यात तो भरतो. वरून बघितलं तर हिरवं, शांत पाणी, कडेला म्हशी बसलेल्या. म्हशी बसतात तिथं उथळ असेल असं वाटतं. दोन पावलांवर तो एकदम खाली जातो. माती काढणारं यंत्र उतार करत बसत नाही.

मुलांचं लक्ष बेडकांकडं. "मावशी, बेंडकुळ्या!" कासरा ताणला जातो. मावशी थांबत नाहीत, रागवतही नाहीत. पाण्याच्या बाजूला त्या स्वतः चालतात, मुलं आतल्या बाजूला. येताना दिशा उलटते, तेव्हा कासरा दुसऱ्या हातात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

वस्तीच्या मागं तीनशे पावलांवर शेततळं आहे. त्याच्याही पलीकडं मांजरा. लातूर जिल्ह्यात मांजरेवर ठिकठिकाणी बॅरेज झालेत. पूर्वी उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडायचं, मुलं वाळूत खेळायची. आता पाणी अडून राहतं. ते पाणी हवंच होतं. २०१६ साली याच जिल्ह्यातल्या लातूर शहराला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि ज्याला जमलं त्यानं रानात तळं खोदून घेतलं. कासऱ्याला धरून चाललेली ही मुलं तेव्हा जन्मली नव्हती. त्यांच्या आया घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या.

"हाय!" मागून आवाज येतो. अकरा मुलं. एका गाठीला कुणी नाही. ते लेकरू तापलंय, घरी आजी आहे. आजी आहे ना, हे मावशी दारात जाऊन बघून आल्या.

सकाळी १०.३०

बाकीची मुलं आयांनी आणून सोडलीत. एकूण बावीस. बाई मोबाईलवर पोषण ट्रॅकर उघडून हजेरी भरतात. रेंज जाते, येते. मावशी तोवर मुलांना भिंतीला टेकवून बसवतात आणि मोजतात. बोटानं नाही, डोक्याला हात लावून. हात लावला की मोजणी चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवलाय. गावातल्या किराणा दुकानात दहा रुपयांना मिळतो. वर नरसिंह, मग कालियावर उभा कृष्ण, मधे जरा-जिवंतिका लेकरांना पाळण्यात आणि अंगाखांद्यावर घेतलेल्या, खाली बुध-बृहस्पती. श्रावणातल्या शुक्रवारी लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. यंदा दोन्ही एकाच दिवशी आलेत. जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात आणि त्यात जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाईंना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या.

एक मुलगी चित्रावर बोट ठेवून विचारते, "मावशी, हे लेकरू पाण्यात का उभंय?"

"त्याचा चेंडू गेलता पाण्यात."

"मग?"

"मग उडी मारली. देव होता तो. आपून देव हाव का?"

"नाही!" सगळे एकदम.

"आपला चेंडू गेला तर?"

"मोठ्या माणसाला बोलवायचं!"

"अन् त्याची माय काठावर रडत बसलीती," मावशी माझ्याकडं वळून हळू म्हणतात. "ते चित्रात काढत नाहीत."

मग खेळ. खडूनं फरशीवर लांब रेघ. रेघेच्या पलीकडं पाणी. मुलं पळत येतात आणि रेघेच्या अलीकडं थांबतात. जो थांबतो त्यानं मागं वळून मोठ्या माणसाचा हात धरायचा. मोठं माणूस म्हणजे बाई किंवा मावशी. आज मीही. वीस-पंचवीस वेळा हेच. तिसऱ्या वेळेला एक पोरगा मुद्दाम रेघ ओलांडतो आणि हसतो. मावशी हसत नाहीत. त्याला परत रेघेवर आणतात, हात धरायला लावतात, मग पाठीवर थाप देतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला धोका समजावून सांगता येत नाही. सवय लावता येते, आणि तीही भरवशाची नसते. म्हणून मावशी खेळ शिकवतात आणि वर दाराला कडीही लावतात.

दुपारी १२.००

बचत गटाकडून खिचडी येते. वाढणं, भरवणं, ताटं धुणं. एका मुलाला खोकला लागतो, त्याला पाणी. हात धुवायला बादली भरून ठेवत नाहीत. मावशी तांब्यानं प्रत्येकाच्या हातावर पाणी ओततात. बावीस मुलं, चव्वेचाळीस हात. कंबर धरते.

दुपारी १२.४०

थोडी मुलं पेंगलीत. मावशी भिंतीला पाठ लावून बसतात. नातू मांडीवर.

त्यांचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं. मांजराही पुढं जाऊन गोदावरीलाच मिळते, हे त्या लग्नात रडताना मनाशी म्हणत होत्या. वडिलांनी सहाही लेकरांना पोहायला शिकवलं, पोरी धरून. शिकवणं उन्हाळ्यात, विहिरीत. पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधायचा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पाण्यावर तरंगतं. कंबरेला दोर, दोराचं टोक काठावर बापाच्या हातात. पहिले चार दिवस नुसते हातपाय मारायचे. मग बिंड्यातलं एक लाकूड कमी. मग अजून एक. शेवटी नुसता दोर. "एक दिवस दोर ढिल्ला लागला. मागं बघितलं तर बापानं सोडून दिलता. मी पोहत होते."

नदीत मात्र वडील उतरू देत नसत. विहिरीचा तळ ठाऊक असतो, नदीचा रोज बदलतो. आता तर वाळू उपसून उपसून पात्रात डोह पडलेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो.

सासरी आल्यावर मावशी एकदाच पोहल्या.

"ते सकाळचं घर," त्या आपणहून म्हणतात. "चार वर्षांचं पोरगं हुतं. तीन साल झाले. आषाढात. अंगणवाडी एकला सुटली, लेकरू घरी गेलं, माय रोजानं गेलती. आजोबा बाजंवर झोपलेले. तीनच्या सुमाराला बोंब उठली. मी लुगड्यानिशी खड्ड्यात उतरले. बाहेर काढलं मीच."

मग लोकांनी त्याला उलटं धरलं. गरगर फिरवलं. पोट दाबलं. पाणी निघतंय म्हणून सगळे म्हणत होते. "धा मिनिटं त्यातच गेली. मला तवा ठाऊक नव्हतं."

आता ठाऊक आहे. गावच्या आशाताईंनी प्रशिक्षणात शिकलेलं त्यांना उशीवर करून दाखवलं. उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही. पाठीवर झोपवायचं, डोकं थोडं मागं. श्वास चालत नसेल तर आधी तोंडातून श्वास द्यायचा, छाती वर येते का बघायचं, मग छातीच्या मधोमध दाब, परत श्वास. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. ही मिनिटं दोन-चारच असतात, गाडी येईपर्यंत टिकत नाहीत. मावशी मला हाताचा तळवा ठेवून दाखवतात. लहान मुलाला एका हाताचा तळवा पुरतो. मुलाच्या छातीची जागा त्यांनी नातवाच्या अंगावर दाखवली नाही. सतरंजीची घडी घेतली.

दुपारी १.१५

अंगणवाडी सुटली. मुलं न्यायला कोण आलंय ते मावशी दारात उभ्या राहून बघतात. हात मोठ्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय सोडत नाहीत. सात वर्षांची बहीण आली तर तिला बाजूला उभं करतात. सात वर्षांची पोरगी मोठं माणूस नाही. त्या दोघांना त्या स्वतः पोचवतील.

बांगलादेशात तळी घरोघर आहेत. तिथं पाहणी करणाऱ्यांना दिसलं, की लहान मुलं बुडतात ती बहुतांशी सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घरापासून हाकेच्या अंतरावर, आई कामात असताना. मग त्यांनी गावोगावी 'आंचल' नावाची केंद्रं काढली. आंचल म्हणजे पदर. गावातलीच एक बाई, जोडीला एक मदतनीस, वीस-पंचवीस मुलं, नऊ ते एक. मुलं एक वर्षापासून पुढची. बुडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. गोळी नाही, यंत्र नाही. एका बाईची नजर, ठरलेल्या वेळेत.

आपल्याकडं अंगणवाडी १९७५ पासून आहे. खोली आहे, बाई आहे, मावशी आहेत. पण इथल्या आईचं काम एकला संपत नाही. ती येते सहाला. अंगणवाडीतच दिवसभराचं पाळणाघर चालवायची 'पाळणा' नावाची केंद्र सरकारची योजना आहे. या गावात ती अजून आलेली नाही.

पाच मुलं उरतात. त्यांच्या घरी या वेळी कुणी नसतं. मावशी कुलूप लावतात, कासरा उचलतात. पाच गाठी भरतात. नातू कडेवर.

दुपारी २.३०

मावशींच्या घरची ओसरी. तीन बाजूंनी भिंत, समोर लाकडी फळ्यांचं गुडघ्याच्या वर येणारं आडवं दार. हे दार त्यांनी त्या आषाढानंतर सुताराकडून करून घेतलं. जुन्या बाजेची लाकडं, मजुरी सहाशे, बिजागऱ्या ऐंशी. कडी बाहेरून.

या तासांचं त्यांना कुणी काही देत नाही. मदतनिसाचं मानधन गेल्या वर्षी वाढून साडेसात हजार झालं, ते अंगणवाडीचं. आया कधी वाटीभर हरभऱ्याची डाळ आणून देतात, कधी वावरातली भेंडी. मावशींनी मागितलेलं नाही. "काय मागायचं? तिला तीनशे मिळतेत."

दुपारी त्या वाकळ शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, वरून सरळ टाका. एक वाकळ शिवायला दहा-बारा दिवस, मजुरी सहाशे रुपये. पूर्वी आठ दिवसांत व्हायची. आता होत नाही, कारण टाके मोजून घालावे लागतात. दहा टाके, की मान वर. पाच डोकी आणि नातू, सहा. परत दहा टाके. मान वर. सहा. मी शेजारी बसून बघत राहिले. सुई कापडात शिरते, अंगठ्याच्या पेरानं पुढं ढकलली जाते, दोरा सर्रकन येतो. बोटाला टोचून टोचून जुना घट्टा पडलाय. दहाव्या टाक्याला सुई कापडातच उभी राहते आणि मान वर होते. तासाभरात एकदाही ही मान चुकली नाही. फोन वाजला. त्यांनी सुई उभी केली, मोजलं, मग उचलला. पुण्याहून मुलगा होता, कंपनीतून. "जेवलास का? बरं. ठेव, लेकरं हायत."

हे बघायला सोपं वाटतं. मी वीस मिनिटं करून बघितलं. सतराव्या मिनिटाला माझं लक्ष उडालं, आणि मान वर केली तेव्हा पाचच दिसली. सहावं माझ्या पाठीमागं होतं, माझ्या पिशवीत हात घालत. छातीतली धडधड जायला बराच वेळ लागला.

दुपारी ४.३०

शेततळ्याचा मालक ओसरीपाशी येतो. त्याला जुनी लुगडी हवीत. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून रानाभोवती लुगडी बांधायची इथं पद्धत आहे. मावशींकडं दोन गाठोडी आहेत.

"किती पायजेत?"

"धा-बारा द्या मावशी. पैशे देतो."

"पैशे नगंत. तळ्याला दोर बांधला का?"

त्यानं मान खाली घातली. "सकाळीच आणलाय. बांधतो."

"ताई, तुम्ही जाऊन या यांच्यासंगं. अन् मला सांगा, बांधला का."

मी गेले. तळं तीस मीटर बाय तीस, खोली तीन मीटर. खोदाईला अनुदान मिळालं, ५० हजारांपर्यंत. आतला प्लास्टिकचा कागद त्यानं कर्ज काढून घातला. कागदाशिवाय पाणी मुरून जातं. कागद काळा, उतार तिरका, त्यावर शेवाळ. मी काठावर उकिडवं बसून हात लावला. साबणासारखं. एकदा पाय सरकला तर वर यायला धरायला काही नाही. न गवत, न दगड. पोहता येणारा माणूसही यात दमून बुडतो. मालक स्वतः एकदा मोटारीचा फुटव्हॉल्व्ह बसवताना घसरला होता. पाइप हाताला लागला म्हणून वर आला. हे त्यानं घरी सांगितलेलं नाही.

"जाळीचं कुंपण करायचं म्हणलं तर चारशे फुटाच्या वर हाय. खांब, जाळी, मजुरी, साठ-सत्तर हजार सांगितले. सोयाबीनचा भाव बघा अन् हे बघा."

म्हणून त्यानं येड्या बाभळीचे फास ओढून चारी बाजूंनी कुपाटी घातलीय, छातीइतकी. त्यावर आता लुगडी येतील. लुगड्यानं लेकरू अडत नाही, काट्यानं अडतं. पण लुगडी लांबून दिसतात. त्यानं माझ्यासमोर चार खुंट ठोकले, चार दोर बांधले, प्रत्येक दोराला हातभर अंतरावर गाठ, टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला. कॅन पाण्यावर तरंगत राहिले. एक पाचवा कॅन लांब दोरासकट खुंटाला टांगून ठेवला, फेकायला. बुडणाऱ्याला काठावरून दोर किंवा काठी द्यायची, पोहता येत नसेल तर आपण उतरायचं नाही. एकामागं एक उतरून दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला बैल धुवायला गेलेल्या पोरांच्या तर फार.

एका कोपऱ्यात मोटारीकडं जायची वाट आहे. तिथं कुपाटी उघडी. "इथं?" मी विचारलं. त्यानं बाजूचा एक फास ओढून वाट बंद केली. काटा त्याच्या तळव्यात शिरला. दातांनी काटा काढत तो म्हणाला, "इथं लाकडी फाटक करतो. पोळ्याच्या आत."

संध्याकाळी ६.१०

टमटम येते. बायका उतरतात, कंबरेला हात देऊन सरळ होतात. पायाला काळी माती, खुरप्यानं तळहाताला फोड. सरळ मावशींच्या ओसरीवर. फळीचं दार उघडतं. मुलं आयांना बिलगतात. एक माय लेकराला उचलायच्या आधी त्याचे केस हुंगते.

सून रोजाचे पैसे सासूच्या हातात देते. वीस टमटमीचे तिनं आधीच काढून दिलेत, म्हणजे दोनशे ऐंशी. मावशी शंभर परत तिच्या हातात ठेवतात.

मी दोराचं सांगितलं. चारही बाजूंना बांधले, पाचवा फेकायला ठेवला, कोपरा उघडा होता तो सध्या फासानं बंद केला. मावशी लक्ष देऊन ऐकतात. "फाटक कवा म्हणला?" पोळ्याच्या आत. त्या बोटांवर आठवडे मोजतात. चार.

संध्याकाळी ७.३०

देवळीत जिवतीचा कागद. आघाड्याची आणि दूर्वांची माळ. सुनेनं पुरण शिजवलंय. पाट मांडलाय, पाटावर नातू. तो बसत नाही, तबकातल्या दिव्याकडं झेपावतो. वस्तीवरची तीन मुलंही आलीत, त्यांना पुरणाचा वास लागलाय. मावशी त्यांनाही ओळीनं बसवतात. एकेकाला कुंकू, डोक्यावर अक्षता, दिवा ओवाळून. तबक फिरवताना ओठ हलतात. ओठ हलतायत ते मोजायलाच, हे आता मला कळतं.

मग त्या अंगणात येतात. जे लेकरू घरी नसतं त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात. पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. पुण्याचा मुलगा पश्चिमेला. पश्चिमेला टाकताना त्या जरा थांबल्या. मग उरलेल्या चार दाण्यांची मूठ त्यांनी रस्त्याच्या बाजूला, खड्ड्याकडं उघडली.

रात्री ९.१५

भांडी झालीत. नातू झोपलाय, वाळे काढून उशाशी ठेवलेत. मावशी बॅटरी घेऊन अंगणात जातात. हौदावर पत्रा आहे. बादल्या उपड्या आहेत. दुसऱ्या टिपाडावरची फळी सुनेनं पाणी काढताना सरकवली होती, तशीच राहिलीय. त्या फळी सारखी करतात, गुडघ्यात वाकतात, दगड उचलून वर ठेवतात. उद्या चौथा शनिवार आहे की नाही, अंगणवाडी आहे की नाही, असं सुनेला आतून विचारतात.

"चौथाच हाय," आतून आवाज येतो. "पण मला रोजानं जायचंय."

"जा की. कासरा घरीच आणलाय मी."